घरची कॅपुचिनो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी कॅपुचिनो करायची म्हटलं की बहुतेक जण आधी मशीनच्या किमती बघायला लागतात. माझं सांगणं असं की आधी दुधाकडे बघा. या कपात पाच-सहा भागांतला एकच भाग कॉफीचा असतो, बाकी सगळं दूध. ते बिघडलं तर कितीही महागडं मशीन घेतलं तरी उपयोग नाही. आणि ते जमलं तर गॅसवर ठेवायच्या साध्या मोका पॉटमधल्या कॉफीतूनही फार सुंदर कॅपुचिनो होते. म्हणून इथे दुधाचे प्रश्न आधी आणि सविस्तर घेतले आहेत, कॉफीचे आणि मशीनचे नंतर.

कॅपुचिनो म्हणजे नेमकं काय? लाटे आणि फ्लॅट व्हाइटपेक्षा ती वेगळी कशी?

इटलीत रुळलेलं माप असं आहे: 25 मिलि एस्प्रेसो (मशीनच्या दाबाने काढलेली दाट कॉफी) आणि फ्रिजमधलं थंडगार 100 मिलि दूध, जे वाफेने फुलवून 125 मिलि होतं. सगळं मिळून 150 ते 160 मिलिचा कप. दुधाचं तापमान साधारण 55 अंश सेल्सिअस. लाटेमध्ये दूध बरंच जास्त आणि फेसाचा थर पातळ. फ्लॅट व्हाइट ही ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडची. तिच्यात कॉफी बहुधा दुप्पट आणि फेस अगदी बारीक, जेमतेम.

‘एक तृतीयांश कॉफी, एक तृतीयांश दूध, एक तृतीयांश फेस’ हे चित्र तुम्ही पाहिलं असेल. ते डोक्यातून काढून टाका. त्या चित्राबरहुकूम केलं की खाली दूध-कॉफी आणि वर कोरड्या फेसाची टोपी असा प्रकार होतो. पहिल्या घोटाला तोंडात नुसता फेस येतो आणि खालची कॉफी निवत जाते. चांगल्या कॅपुचिनोत फेस दुधातच मुरलेला असतो. चमच्याने वरचा थर बाजूला सारला तर बोटभर जाडीचा, मऊ आणि ओलसर दिसला पाहिजे.

माझी कॅपुचिनो पांचट का लागते?

आधी तुमच्या मगात किती मावतं ते मोजा. घरातले बरेचसे कॉफी मग 250 ते 300 मिलिचे असतात. एका शॉटवर, म्हणजे एका मापाच्या एस्प्रेसोवर, एवढं दूध ओतलं की ते कॉफीचा वास लागलेलं दूध होतं. शोकेसमधला चहाचा जुना, जाड काठाचा कप काढा. तो 150 मिलिच्या आसपास असतो आणि या कामाला अगदी योग्य असतो. मोठा मगच हवा असेल तर कॉफी दुप्पट करा.

पिशवीतलं कोणतं दूध घ्यावं?

फेस टिकवतात ती दुधातली प्रथिनं, आणि तोंडात रेंगाळणारी चव येते ती स्निग्धांशामुळे. दोन्हींचा तोल हवा. आपल्याकडे पिशवीवर जे प्रकार छापलेले असतात त्यांचा स्निग्धांश ठरलेला आहे: डबल टोन्ड 1.5 टक्के, टोन्ड 3 टक्के, स्टँडर्डाइज्ड 4.5 टक्के, फुल क्रीम 6 टक्के.

डबल टोन्डचा फेस पटकन आणि भरपूर येतो, पण पाणचट लागतो. फुल क्रीम चवीला छान, मात्र फेस जड होतो आणि उंच फुलत नाही. माझी पसंती गायीच्या दुधाला किंवा टोन्डला. घरात फुल क्रीमच येत असेल तर त्यात निम्मं टोन्ड मिसळून बघा. फेस आणि चव दोन्ही साधतं. पिशवीवर प्रथिनांचा आकडा असतो, तो 100 मिलिला 3 ग्रॅमच्या वर असला म्हणजे काळजी नाही.

म्हशीचं सुट्टं दूध मात्र या कामासाठी मला जड वाटतं. स्निग्धांश 6-7 टक्के, त्यामुळे कॉफीची चव दबते. ते बासुंदीला ठेवा.

आमच्याकडे दूध आल्याआल्या तापवून ठेवतात. ते चालेल का?

आपल्या घरांमधली खरी अडचण हीच आहे, म्हणून जरा सविस्तर.

दूध उकळलं की त्यातल्या व्हे प्रथिनांची (दूध फाडल्यावर पाण्यात उरतात ती) घडी मोडते. काही पातेल्याच्या तळाला चिकटतात, काही सायीत जातात. साय धरली म्हणजे स्निग्धांशही वर गोळा झाला. मग त्याच दुधाचा फेस करायला गेलं की मध्ये सायीचे तुकडे येतात, बुडबुडे मोठे राहतात आणि चवीला तो शिजलेल्या दुधाचा वास लागतो. हा वास चहात खपून जातो. कॅपुचिनोत तो कॉफीच्या वर बसतो.

पिशवीतलं दूध डेअरीतच पाश्चराइज झालेलं असतं, म्हणजे साधारण 72 अंशांवर 15 सेकंद तापवून लगेच थंड केलेलं. पिशवी थंड साखळीतून आली असेल, फुगलेली नसेल आणि मुदतीच्या आत असेल, तर ती थेट फ्रिजमध्ये ठेवून कॅपुचिनोसाठी न उकळता वापरता येते. घरात रोज लिटरभर दूध येत असेल तर अर्ध्या लिटरची एक पिशवी कॉफीसाठी बाजूला काढा, बाकीचं नेहमीप्रमाणे तापवा. ‘दूध न तापवता कसं प्यायचं’ ही घरातल्या मोठ्यांची शंका रास्त आहे. शंका असेल तिथे दूध तापवावंच.

गवळ्याकडून येणारं सुट्टं दूध मात्र न उकळता कधीच वापरू नका. ते उकळून, निववून, साय पूर्ण काढून, बारीक गाळणीतून गाळा आणि किमान चार-पाच तास फ्रिजमध्ये ठेवून मग वापरा. फेस पिशवीच्या दुधाइतका रेशमी होणार नाही, पण कामापुरता नक्की येईल.

टेट्रापॅकमधलं दूध होमोजिनाइज केलेलं, म्हणजे स्निग्धांशाचे कण बारीक करून दुधात मिसळलेलं असतं, त्यामुळे साय धरत नाही आणि फेसही नेमाने येतो. चवीला थोडं शिजल्यासारखं लागतं. पावसाळ्यात दूधपुरवठ्याचा भरवसा नसलेल्या ठिकाणी एक पॅक घरात असावा.

कालपर्यंत फेस येत होता, आज येतच नाही. काय झालं?

पहिला संशय दुधाच्या वयावर घ्या. दूध जुनं होत जातं तसा त्यातला स्निग्धांश फुटतो आणि मोकळी झालेली स्निग्धाम्लं बुडबुड्याची भिंतच फोडतात. गंमत म्हणजे असं दूध वासाला आणि चवीला अजून ठीक असतं, नासत नाही, पण फेस करायला गेलं की आवाज करत बसून जातो. उन्हाळ्यात पिशवी दारात अर्धा तास पडून राहिली की हे हमखास होतं.

दुसरा संशय भांड्यावर. दूध फुलवायच्या जगाला (चोचीच्या भांड्याला) आतून तेलकट हात किंवा साबणाचा अंश लागलेला असला तरी फेस मरतो. तिसरा तापमानावर: आधीच कोमट झालेलं दूध वापरलं तर फेस धरायला वेळच मिळत नाही. दूध फ्रिजमधलं, 4-5 अंशांचं हवं, आणि स्टीलचा जगही थंड असला तर उत्तम.

दूध किती तापवायचं?

55 ते 65 अंश. या पट्ट्यात दुधाची स्वतःची गोडी जिभेला सर्वात चांगली कळते. 70 च्या पुढे गेलं की प्रथिनं बिघडतात, फेस सुकतो आणि उकळलेल्या दुधाचा वास येतो. उकळावंच लागणारं गवळ्याचं दूध सोडलं तर, एकदा 70 च्या पुढे गेलेलं दूध पुन्हा थंड करून फेस करायचा प्रयत्न करू नका, ते खिरीत वापरा.

थर्मामीटर नसेल तर स्टीलच्या जगाला बाहेरून तळहात लावून ठेवा. हात ठेवणं नकोसं झालं, पण अजून चटका बसत नाही, तिथे थांबा.

आपल्याला चहा वाफाळता लागतो, त्यामुळे पाहुण्यांना 60 अंशांची कॉफी कोमट वाटू शकते. यावर उपाय दूध जास्त तापवणं नाही, कप तापवणं. कपात उकळतं पाणी भरून मिनिटभर ठेवा, ओतून द्या, पुसा आणि मग कॉफी करा. फरक पहिल्याच घोटाला कळतो.

मशीन नाही. फेस कसा काढू?

फ्रेंच प्रेस (दांड्याला जाळी असलेलं कॉफीचं काचेचं भांडं) असेल तर तिच्याइतकं चांगलं साधन नाही. एका कपासाठी 120 मिलि दूध लहान पातेल्यात मंद आचेवर ठेवा आणि हलवत राहा. कडेला मोहरीएवढे बुडबुडे दिसायला लागले आणि वाफ वर येऊ लागली की उतरवा. उकळी येऊ द्यायची नाही. प्रेसची काच आधी गरम पाण्याने विसळून घ्या. दूध ओता, पण प्रेस तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त भरू नका, कारण ते जवळजवळ दुपटीपर्यंत फुलतं.

आता दांडा वर-खाली करा. पहिले आठ-दहा हात जाळी दुधाच्या पृष्ठभागाच्या वर काढून आत घाला, म्हणजे हवा आत जाते. त्यानंतरचे दहा-बारा हात जाळी दुधाच्या बाहेर न काढता, जरा सावकाश. या दुसऱ्या टप्प्यातच मोठे बुडबुडे फुटून बारीक होतात. लोक नेमका हाच टप्पा गाळतात. दांड्याला जडपणा जाणवू लागला की थांबा. झाकण काढा, भांडं ओट्यावर दोनदा हलकेच आपटा, आणि हातात धरून गोल फिरवा. वरचे बुडबुडे नाहीसे होऊन दुधाला चकाकी आली की ते तयार आहे. ओतताना ते डोशाच्या पिठासारखं एकसंध, जडसर वाहिलं पाहिजे. आधी पातळ दूध आणि मग भसकन फेसाचा गोळा असं झालं तर फिरवणं कमी पडलं.

सेलवर चालणारा हातातला फ्रॉदरही चालतो. त्याची तार सुरुवातीला पृष्ठभागाच्या जरा खाली तिरकी धरा, आणि दूध दीडपट झालं की तळाशी नेऊन वीस सेकंद फिरवा. वरच्या वर फिरवत राहिलात तर फक्त साबणासारखा फेस मिळतो. ताकाच्या रवीने फेस येतो, पण बुडबुडे मोठे राहतात आणि दोन मिनिटांत विरतात.

मिक्सरच्या बंद भांड्यात गरम दूध फिरवू नका. आत वाफ कोंडून झाकण उडतं आणि भाजतं.

मशीनला वाफेची नळी आहे, पण दूध नुसतं गरम होतं किंवा बुडबुड्यांनी भरून जातं.

आधी नळी जगाबाहेर उघडून दोन सेकंद वाफ सोडा. साचलेलं पाणी निघून जातं, नाहीतर तेच दुधात पडतं. जग निम्म्याच्या थोडा खाली भरा, चोचीच्या खालच्या टोकापर्यंत. नळीचं टोक दुधात जेमतेम बुडेल एवढंच ठेवा, मध्यभागापासून जरा बाजूला, आणि वाफ पूर्ण उघडा.

आता कान द्या. हवा आत जाताना ‘फस्-फस्’ असा हलका, तुटक आवाज येतो. किंचाळल्यासारखा आवाज आला तर टोक फार खोल आहे. खदखद आणि शिंतोडे आले तर फार वर. हवा घेण्याचं काम दूध थंड असतानाच, म्हणजे जगाचा गारवा जाईपर्यंत, साधारण 37 अंशांपर्यंत उरकायचं. लहान घरगुती मशीनवर हे आठ-दहा सेकंदांत होतं. लाटेसाठी याहून कमी हवा लागते, कॅपुचिनोसाठी थोडी जास्त. मग जग जरासा वर उचला म्हणजे टोक अर्ध्या इंचाने आत जाईल, आणि दुधात भोवरा पडू द्या. हा भोवराच बुडबुडे बारीक करतो. 60 अंशांना वाफ बंद करा, मगच नळी बाहेर काढा.

नळी लगेच ओल्या फडक्याने पुसा आणि पुन्हा क्षणभर वाफ सोडा. दूध आत वाळलं तर भोकं बुजतात, शिवाय ते आरोग्यालाही वाईट.

सरावासाठी दूध वाया घालवायची गरज नाही. जगात थंड पाणी घ्या, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब टाका आणि वाफ द्या. दुधासारखाच फेस येतो, भोवराही दिसतो. हात बसला की जग आणि नळी स्वच्छ धुऊन दुधाकडे वळा.

एस्प्रेसो मशीन घ्यावंच लागेल का?

नाही. मोका पॉट घ्या, आणि पैसे उरले तर ते ग्राइंडरमध्ये घाला.

अल्फोन्सो बियालेत्ती यांनी 1933 मध्ये इटलीत आणलेलं हे आठ पैलूंचं ॲल्युमिनियमचं भांडं आजही इटलीच्या घराघरात दिसतं. त्यातला दाब एस्प्रेसो मशीनच्या 9 बारपुढे अगदीच कमी, साधारण दीड बार. त्यामुळे खरी एस्प्रेसो होत नाही आणि क्रेमाही (एस्प्रेसोवरचा तपकिरी फेस) नाममात्र येते. पण दुधाला पुरून उरेल इतकी दाट कॉफी मिळते. दुधाखाली क्रेमा आहे की नाही हे चवीला फारसं कळतही नाही.

एअरोप्रेसही (हाताने दाबून कॉफी काढायची नळी) चालते: 15 ग्रॅम बारीक पूड, 60 मिलि गरम पाणी, मिनिटभर थांबून दाबा.

मोका पॉटची कॉफी कडू, करपलेली होते. काय चुकतं?

बहुतेकदा आच. खालच्या भांड्यात थंड पाणी घालून मोठ्या गॅसवर ठेवलं की पाणी तापेपर्यंत वरची पूड कोरडीच भाजत राहते. म्हणून किटलीतलं गरम पाणी घ्या. पाणी सुरक्षा झडपेच्या खालीच राहिलं पाहिजे. झडप कधीही बुडवू नका. चाळणीत पूड काठोकाठ भरा, बोटाने सपाट करा, पण दाबू नका. एस्प्रेसोसारखी पूड दाबली तर दाब वाढतो आणि झडप उडू शकते. फडक्याने धरून घट्ट फिरवा, कारण खालचं भांडं तापलेलं असतं.

गॅस सर्वात लहान बर्नरवर, ज्योत भांड्याच्या तळाबाहेर न जाणारी. आपल्या शेगड्यांवर लहान मोका पॉट डगमगतो. त्यासाठी बर्नरवर ठेवायची छोटी जाळी भांड्यांच्या दुकानात मिळते. झाकण उघडं ठेवून बघत राहा. आधी काळसर, मग मधाच्या रंगाची धार येते. रंग फिकट पिवळा होऊन गुरगुर सुरू होण्याच्या बेतात आली की गॅस बंद करा आणि भांड्याचा तळ नळाखाली धरा. जो कडूपणा येतो तो त्या शेवटच्या गुरगुरीतून येतो.

‘तीन कपांचा’ मोका पॉट म्हणजे 40-50 मिलिचे तीन छोटे कप, आपले मग नव्हेत. त्यात साधारण 15 ते 17 ग्रॅम पूड बसते आणि दोन चांगल्या, कडक कॅपुचिनो होतात. इंडक्शन शेगडी असेल तर ॲल्युमिनियमचा चालणार नाही, स्टीलचा घ्या.

फिल्टर कॉफीचं डिकॉक्शन वापरलं तर?

वापरा, छान होते. स्टीलच्या किंवा पितळेच्या फिल्टरमध्ये 25 ग्रॅम पूड, 100 मिलि उकळतं पाणी, आणि फक्त पहिलं डिकॉक्शन. पण बाजारातल्या बऱ्याच पुडींमध्ये चिकोरी (एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची पूड) असते. तिने दाटपणा येतो, पण चव कॅपुचिनोपासून दूर जाते. माटुंग्यासारख्या ठिकाणी कॉफी समोर दळून देतात, तिथे ‘चिकोरी नको’ असं सांगून घ्या. गार झालेलं डिकॉक्शन पुन्हा उकळू नका. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा.

इन्स्टंट कॉफी साखरेबरोबर फेटून करतात, ती कॅपुचिनो का?

ती वेगळी कॉफी आहे, आणि आपल्या जागी चांगली आहे. कॉफी, साखर आणि चमचाभर पाणी फेटलं की साखरेच्या दाट पाकात हवेचे बुडबुडे अडकून राहतात. म्हणून तिथे फेस कॉफीचा असतो, दुधाचा नाही, आणि साखर वगळली तर तो टिकत नाही. लग्नाच्या मांडवात वाफेच्या मशीनवर चॉकलेट पावडर भुरभुरून मिळते तीही याच घराण्यातली, आणि थंडीतल्या रिसेप्शनला तिच्यासारखी कॉफी नाही.

पण घरी इन्स्टंटचीच कॅपुचिनो करायची असेल तर फेटू नका. दोन सपाट चमचे कॉफी 30 मिलि गरम पाण्यात विरघळवा आणि वर सांगितल्याप्रमाणे दूध फुलवून ओता.

कॉफी कोणती आणावी?

दुधात टिकणारी. फिकट भाजलेली, आंबूस-फळाळ चवीची कॉफी काळी प्यायला सुरेख, पण दुधात ती बऱ्याचदा आंबट लागते. मध्यम किंवा मध्यम-गडद भाजणी घ्या. त्यातून चॉकलेट, भाजलेला शेंगदाणा, गूळ अशा चवी दुधातून वर येतात.

यासाठी परदेशी पाकीट शोधायची गरजच नाही. चिकमगळूर, कोडगू, बाबाबुडनगिरी इथली अरेबिका (कॉफीची सौम्य जात) या कामाला फार चांगली. इटली भारतीय कॉफीचं मोठं गिऱ्हाईक आहे आणि आपली रोबस्टा (कॉफीची दुसरी, कडक जात) तिथल्या एस्प्रेसो मिश्रणांत जाते, कारण तिने दाटपणा आणि क्रेमा येते. घरी मिश्रण घ्यायचं तर 20-30 टक्के रोबस्टा असलेलं घेऊन बघा. रोबस्टात कॅफिन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असतं, हे लक्षात ठेवा. ‘मान्सून्ड मलबार’ हाही चांगला पर्याय: मंगळुरूकडच्या गोदामांत बिया पावसाळी वाऱ्यावर आठवडेच्या आठवडे पसरून ठेवतात, त्या फुगतात, फिकट होतात आणि त्यांचा आंबटपणा जातो. दुधात ही कॉफी मऊ लागते.

आपल्या राज्यात चिखलदऱ्याला कॉफी पिकते. विदर्भात जाणं झालं तर तिथून पाकीट जरूर आणा.

पाकिटावर मुदत संपण्याची नव्हे, भाजल्याची तारीख बघा. भाजल्यानंतर आठवडाभर बियांमधून वायू निघत असतो, तोवर थांबा, आणि पुढच्या महिन्याभरात संपवा.

घरच्या मिक्सरमध्ये बिया दळल्या तर?

चटणीच्या भांड्यात पीठ आणि भरड एकाच वेळी होते. पीठ कडवटपणा देतं, भरडीतून काहीच उतरत नाही. मोका पॉटसाठी एखाद्या वेळी भागेल, एस्प्रेसोला अजिबात नाही. हाताने फिरवायचा, चकत्यांचा ग्राइंडर घ्या. तोही नको असेल तर दुकानातून ‘मोका पॉटसाठी’ दळून, पण शंभर-दीडशे ग्रॅमच आणा.

मशीनवरचा शॉट आंबट किंवा कडू येतो.

सुरुवातीचं माप: 18 ग्रॅम पूड, 36 ग्रॅम कॉफी, 25 ते 30 सेकंद, पाणी 90 ते 96 अंश. यातून दोन कॅपुचिनो किंवा एक कडक होते. वजनकाटा लागतोच, डोळ्याने होत नाही. धार पंधरा सेकंदांत संपली आणि चव आंबट आली तर दळण बारीक करा. चाळीस सेकंद रेंगाळली आणि कडू आली तर जाडसर करा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

खोक्यावरचे ‘15 बार’, ‘20 बार’ हे पंपाचे आकडे आहेत. कॉफी काढायला 9 बार पुरतात, त्यामुळे त्या आकड्यावर भुलून जास्त पैसे देऊ नका.

पाण्याने फरक पडतो का?

पडतो. बोअरचं जड पाणी कॉफी बोथट करतं आणि मशीनमध्ये क्षार धरतं. उलट आरओतून अगदी टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) 20-30 वर आणलेल्या पाण्यात कॉफी पोकळ लागते. 75 ते 250 टीडीएसच्या मधलं पाणी बरं, 150 च्या आसपास उत्तम. नगरपालिकेचं धरणाचं पाणी बहुतेक ठिकाणी गाळून तसंच चालतं.

पावसाळ्यात कॉफी कशी ठेवू?

हवाबंद बरणीत, कपाटात, शेगडीपासून लांब. कोकणात तर पूड दोन दिवसांत दमट होते, म्हणून बियाच ठेवा. उघडं पाकीट फ्रिजमध्ये ठेवू नका. दर वेळी बाहेर काढलं की आत दव धरतं, आणि लसणाचा वासही लागतो. जास्त कॉफी आणली असेल तर आठवड्यापुरत्या लहान हवाबंद पुड्या करून फ्रीजरमध्ये ठेवा, आणि पुडी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा.

साखर कधी घालायची?

गरम कॉफीत, दूध ओतण्याआधी. आधी मात्र एकदा बिनसाखरेची चाखून बघा.

सोया, ओट, बदाम दूध चालेल?

ओटचं सर्वात चांगलं, त्यातही ‘बरिस्ता’ असं लिहिलेलं. त्यात आम्लता सांभाळणारा घटक असतो. सोया दूध आंबूस कॉफीत फाटतं, तेव्हा गडद भाजणी वापरा आणि दूध 60 च्या वर नेऊ नका. बदाम दुधाचा फेस लवकर बसतो. दूध पचत नाही एवढंच कारण असेल तर लॅक्टोजमुक्त दूध घ्या. त्याचा फेस नेहमीच्या दुधासारखा येतो, फक्त चव जरा गोड लागते.

ओतायचं कसं?

दूध तयार झाल्यावर वीस सेकंदांच्या आत. थांबलात की फेस वर आणि दूध खाली होतं. कप तिरका धरा, सुरुवातीला जग उंचावरून बारीक धारेने, म्हणजे दूध कॉफीखाली शिरतं. कप निम्मा भरला की जगाची चोच जवळ आणून धार वाढवा. पांढरा गोल आपोआप उमटतो आणि भोवती कॉफीची तपकिरी कड राहते. ती कड हवी, कारण पहिल्या घोटात कॉफी तिच्यातूनच लागते. पानाफुलांची नक्षी नंतर येईल. कोको वरून घालायचा तर चिमूटभर, बिनसाखरेचा.

चार पाहुणे आलेत, एकदम कसं करू?

कप गरम पाण्यात ठेवा. सहा कपी मोका पॉटवर चौघांची कॉफी एकदम काढा आणि कपांत वाटून ठेवा. काळी कॉफी दोन-तीन मिनिटं थांबू शकते, फेस थांबत नाही. दूध मात्र दोन-दोन कपांचंच फुलवा. चौघांचं एकदम केलं तर पहिल्याला दूध आणि शेवटच्याला फेस मिळतो. पहिले दोन कप घरातल्या वडीलधाऱ्यांना, बाकीचे दोन मिनिटांनी.

दिवसाला किती चालतील?

एका शॉटमध्ये साधारण 60-70 मिलिग्रॅम कॅफिन असतं. मोका पॉटच्या कडक कपात ते जास्तही भरतं. निरोगी प्रौढाला दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत, गरोदरपणात 200 पर्यंत ही सर्वसाधारण मर्यादा मानतात. यात चहाही धरायचा, हे आपल्याकडे विसरलं जातं. झोप हलकी असेल तर दुपारी तीननंतर टाळा.

मोका पॉट साबणाने धुवायचा का?

ॲल्युमिनियमचा असेल तर गरम पाण्याने आणि मऊ फडक्याने रोज धुवा; डिशवॉशरमध्ये घालू नका, काळा पडतो. ‘आतला थर राहू द्यावा’ असं सांगतात, पण जुनं कॉफीचं तेल खवट होतं आणि तोच वास पुढच्या कपात येतो. म्हणून आठवड्यातून एकदा सौम्य साबण लावून नीट विसळा. भाग सुटे करून पूर्ण वाळवा, आणि घट्ट फिरवून बंद ठेवू नका. नवा आणलात तर पहिल्या दोन-तीन वेळची कॉफी ओतून द्या. सांध्यातून वाफ गळायला लागली की मधली रबरी चकती कडक झाली असं समजा. ती मापाप्रमाणे सुटी मिळते, नेताना जुनी बरोबर न्या.